बारा माशांची रांग

उजागरे सरांच्या निरोपसमारंभात साळवे सर एक वाक्य बोलले आणि त्या एका वाक्यामुळे पुढे बारा माशांना नगर सोडून शेवगावात राहायला यावं लागलं. माशांचा त्यात काही दोष नव्हता.

प्रभुदास उजागरे शेवगावातल्या एका हायस्कुलात सत्तावीस वर्षं पी.टी.चे शिक्षक होते. नॅथन साळवे हे तिथले मुख्याध्यापक. निरोपाच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, हार झाला. मग साळवे सर उठले, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "उजागरे सरांनी आपल्या मुलांना पळायला शिकवलं, उड्या मारायला शिकवलं, खो-खोचा संघ जिल्ह्यापर्यंत नेला. फक्त रांगेत उभं करायचं तेवढं राहून गेलं." सगळी शाळा हसली. शिपाई हसला. ज्या मुलांना रांगेत उभं राहता येत नव्हतं ती तर पोट धरून हसली, आणि हसतानासुद्धा ती रांगेत नव्हती.

यात खोटं काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. उजागरे सरांची रांग आयुष्यात कधी सरळ आली नाही. सर "सावधान" म्हणाले की मुलं थोडीशी सावध व्हायची आणि "विश्राम" म्हणाले की जागच्या जागी बसायची. एका पंधरा ऑगस्टला आलेल्या पाहुण्यांनी व्यासपीठावरून वाकून विचारलं होतं, "ही रांग आहे का करंजी घाट?" सरांचा आवाज लहान होता असं म्हणावं तर तसंही नव्हतं. आवाज चांगला खणखणीत होता. पण त्या आवाजाला कोणी घाबरत नसे. हा माणूस ओरडेल पण मारणार नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळायचं. लहान मुलांना आणि कुत्र्यांना अशा गोष्टी फार लवकर कळतात.

तर सर निवृत्त झाले आणि घरी बसून ते वाक्य चघळू लागले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पुण्यातल्या मुलीने, कृपाने, वडिलांचं मन रमावं म्हणून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. काचेची पेटी, तळाशी गर्द हिरवी झाडं, आणि त्या झाडांपुढून जाणारे करंगळीच्या अर्ध्या पेराएवढे मासे. अंगावर निळी चकचकीत रेघ, शेपटीकडे लाल. तीस-चाळीस असतील. सगळे एकदम उजवीकडे निघाले. सगळे एकदम वळले. सगळे एकदम डावीकडे गेले. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, मॉनिटर नाही.

सरांनी तो व्हिडिओ एकोणीस वेळा पाहिला आणि बायकोला हाक मारली.

स्टेलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनाही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण गल्ली अजून त्यांना सिस्टरच म्हणते. बाहेरच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा त्यांनी शिलाई मशीनसाठी धरून ठेवला होता. त्यांनी व्हिडिओ एकदाच पाहिला, नवऱ्याच्या तोंडाकडे मात्र दोनदा पाहिलं.

"कोपरा घ्या," त्या म्हणाल्या. "पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चर्चच्या मंडळीची प्रार्थना सभा आपल्या घरी आहे. तीस माणसं येतील. तोवर ते काय ते नीट झालेलं असलं पाहिजे. नाही झालं, तर मशीन."

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. चूक झाली ती पुढच्या रविवारी. उपासना संपून मंडळी चर्चबाहेर चपला शोधत असताना सरांना साळवे सर दिसले आणि सर बोलून गेले, "साळवे सर, नोव्हेंबरात आमच्याकडे सभेला या. तुम्हाला रांग दाखवतो."

"कोणाची?" साळवे सरांनी विचारलं.

"बघालच."

शब्द गेला तो गेला. चर्चच्या पायरीवर दिलेला शब्द परत घेता येत नाही, कारण तो ऐकायला निम्मी मंडळी उभी असते. आता नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी साळवे सरांसमोर रांग लागली नाही, तर सरांना उरलेलं आयुष्य दर रविवारी त्याच पायऱ्या चढायच्या होत्या.

नगरला कल्याण नावाच्या एका तरुणाचं माशांचं दुकान होतं. तो माशांविषयी डॉक्टरासारखा हळू आवाजात बोलायचा. या माशांना निऑन टेट्रा म्हणतात, ते कळपाने राहतात, बाराच्या खाली घेऊ नका, असं त्याने सांगितलं. दोन फुटी पेटी दिली, माती दिली, झाडं दिली, फिल्टर दिला, आणि मासे दिले नाहीत.

"आधी पाणी पिकू द्या, सर," तो म्हणाला. "तीन आठवडे नुसती झाडं. मग या."

त्यामुळे तीन आठवडे उजागऱ्यांच्या खिडकीत दिव्याच्या उजेडात नुसतं पाणी आणि गवत होतं. शेजारी गहिनीनाथ ढाकणे राहतात. त्यांचं बाजार समितीच्या रस्त्याला बी-बियाण्याचं दुकान आहे आणि तिथे सल्ला फुकट मिळतो. घरी आले की ते राहिलेला सल्ला गल्लीला देतात. ते तिसऱ्याच दिवशी आले, खुर्ची पेटीपुढे ओढून बसले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"सर, ह्यात काय हाय?"

"पाणी."

"त्ये दिसतंय. पान्यात काय हाय?"

"वनस्पती."

"आन मासं?"

"तीन आठवड्यांनी."

"उगवनार हायेत का?"

सरांनी पाणी पिकण्याची, म्हणजे त्यात माशांना लागणारे जिवाणू तयार होण्याची, प्रक्रिया समजावून सांगितली. गहिनीनाथांनी ती दुकानदार गिऱ्हाइकाची तक्रार ऐकतो तशी ऐकली आणि झाडांकडे बोट केलं. "ह्ये गवत आपल्या कॅनॉलला लई. मी ह्याच्यावर तननाशक विकतो. पायजे का?" मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "धरनाच्या फुगवट्याला टेम्पो भरभरून मासं निघतंय, आन तुमी मासं नगरहून आनताय. बरं, खायाचं बी न्हाई."

तीन आठवडे झाल्यावर सर बारा मासे घेऊन एस.टी.ने निघाले. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मासे, पिशवी मांडीवर. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला आणि पिशवीपाशी थांबला. कोंबडीचं कसं करायचं ते त्याला माहीत होतं, बोकडाचं माहीत होतं, पण माशांचा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला होता.

"किती जन हायेत?"

"बारा."

कंडक्टरने मोजायचा प्रयत्न केला, आकडा दोनदा अकरा आणि एकदा चौदा आला. "पाच वर्षांच्या आतले हायेत ना?" त्याने विचारलं. सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की चार महिन्यांचे आहेत. "मग जाऊ द्या," म्हणून तो पुढे गेला. तिसगावपर्यंत मागच्या बाकावरची माणसं एकेक करून येऊन मासे बघून गेली आणि प्रत्येकाने ते फार बारीक आहेत असं मत दिलं.

घरी स्टेलाबाईंनी बारा हा आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "बारा आणलेत? येशूच्या शिष्यांएवढे? म्हणजे त्यातला एक दगा देणार."

पण त्या दिवशी कोणीही दगा दिला नाही. पिशवी सोडली, मासे पाण्यात उतरले, आणि बाराच्या बारा एकमेकांना चिकटून एका दमात पेटीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. वळले. परत आले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते फोन आणायला आत धावले, फोन चार्जिंगला होता, तो सुरू होईपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि तेवढ्यात मासे पांगले. सरांनी मनात म्हटलं, प्रवासाचे दमलेत, उद्या लागतील.

उद्या लागले नाहीत. परवाही नाही. दोघं झाडात शिरून बसले, तिघं दगडापाशी काहीतरी टोचत होते, एक फिल्टरच्या मागे राहायला गेला तो जेवायलाच बाहेर यायचा. उरलेले मनाला येईल तसे हिंडत होते. गहिनीनाथ रोज दुकानाला जाताना खिडकीतून डोकं घालून विचारायचे, "लागली का रांग?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे, हे जास्त लागत असे.

पेटीतलं चौथा हिस्सा पाणी दर आठवड्याला बदलायचं, असं कल्याणने सांगितलं होतं. कल्याण नगरचा. गल्लीत नळाला पाणी येतं त्या दिवसाला 'पाण्याचा दिवस' म्हणतात आणि त्या दिवशी कोणी गावाला जात नाही, हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्यांदा सर पेटीतलं पाणी बादलीत काढून गटारीकडे निघाले, तेव्हा गहिनीनाथांची आई आक्काबाई ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या बाई, पण त्या अशा काही उठल्या की सर जागीच थांबले.

"सर, पानी वततात व्हय तुमी?"

"खराब झालंय, आक्काबाई. माशांचं आहे."

"वास येतोय का? रंग आलाय का? मग खराब कशानं?" त्यांनी बादली हातातून काढून घेतली आणि आपल्या कढीपत्त्याला घातली. महिन्याभरात तो कढीपत्ता गल्लीत नावाजला. तेव्हापासून सरांना पाणी बदलण्याआधी आक्काबाईंना कळवावं लागायचं, आणि आठवडा चुकला तर त्या दारात येऊन विचारायच्या की मासे आजारी आहेत का.

हे सगळं सुरळीत होतंय तोवर सर्वेक्षण आलं. सुकन्याताई आरोग्य खात्याकडून घरोघरी फिरून डासांच्या अळ्या शोधायच्या. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म आणि एक बाटली. त्यांनी हौद पाहिला, माठ पाहिला, फ्रिजमागचा ट्रे पाहिला आणि मग खिडकीजवळच्या पेटीवर टॉर्च मारली.

"हे पाणी किती दिवसांचं आहे, सर?"

"महिन्याचं. पिकवलेलं आहे," सर अभिमानाने म्हणाले.

सुकन्याताईंचा चेहरा गंभीर झाला. "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा असतो. सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून पालथी घालायची. ही कधी पालथी घालता?"

"पालथी कशी घालणार? मासे आहेत ना त्यात. आणि मासे अळ्या खातात."

"गप्पी आहेत का?"

"नाही. निऑन टेट्रा."

सुकन्याताईंनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "सर, ह्यात दोनच रकाने आहेत. 'रिकामे केले' आणि 'गप्पी मासे सोडले'. तुमचे मासे मी कशात घालू?"

"इतर असं काही नाही का?"

"आहे. पण इतरमध्ये टायर येतात."

टायरमध्ये नोंद होण्यापेक्षा, असा विचार सर करत होते तोवर सुकन्याताईंनी बाटलीचं बूच काढून पाच गप्पी पेटीत सोडलेही. दाराच्या चौकटीवर खडूने तारीख टाकली. "आता हे खात्याचे मासे आहेत," त्या जाताना म्हणाल्या. "पुढच्या फेरीला पाच दिसले पाहिजेत."

पुढच्या फेरीला सत्तेचाळीस दिसले. गप्पी माशांना दुसरं काही येत नाही, पण तेवढं येतं. ते वर पळत, खाली पळत, टेट्रांच्या मधून घुसत, कारण नसताना एकमेकांचा पाठलाग करत. त्यांच्याकडे बघताना सरांना आठवी ब आठवायची. टेट्रांनी होती-नव्हती ती शिस्तही सोडली. शेवटी बेचाळीस पिल्लं गहिनीनाथांच्या हौदात गेली आणि नोंदणीकृत पाच तेवढी राहिली. या कामी चहाच्या गाळणीचा उपयोग झाला, आणि नवी गाळणी आणेपर्यंत स्टेलाबाईंनी चहा केला नाही.

ऑक्टोबर संपत आला. सरांनी कल्याणला फोन लावला.

"मासे रांग करत नाहीत," सर म्हणाले.

"खातात का?"

"भरपूर."

"रंग?"

"झकास. तुझ्याकडे होते त्याहून चांगला."

"मग सर, ते सुखात आहेत. हे मासे घाबरले की एकत्र येतात. मोठा मासा दिसला, वरून सावली पडली, धक्का बसला, की रांग. भीती गेली की ज्याचा तो मोकळा. तुमच्या माशांना कसली भीतीच राहिली नाही."

"मग मी काय करू?"

कल्याणने थोडा विचार केला. "काय करणार? अभिनंदन, सर."

सरांनी फोन ठेवला. सत्तावीस वर्षं जे मुलांनी केलं, तेच आता मासे करत होते.

ही बातमी गहिनीनाथांना कळायला नको होती, पण गल्लीत फोनवर बोललेलं खिडकीबाहेर जातंच. ते संध्याकाळी तोडगा घेऊनच आले. "सोप्पं हाय, सर. फुगवट्याहून एक मरळ आनून देतो. वीतभर बास. द्या सोडून. रांग काय, दप्तरं घिऊन हुबी ऱ्हातील."

"आणि तिने एखादा खाल्ला तर?"

"अकरा ऱ्हातील की. रांग अकराची बी हुती."

सरांनी मरळ नाकारली, पण भीतीचा प्रयोग करून पाहायचं ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांनी जुना ट्रॅकसूट चढवला, पेटीपुढे छाती काढून उभे राहिले आणि शिट्टी फुंकली. बारा टेट्रा आणि पाच गप्पी झाडांतून बाहेर येऊन काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांना वाटलं जेवण आलं. जेवण द्यावंच लागलं. दुसऱ्या दिवशी सरांनी वरून सावली पडावी म्हणून पेटीवर काळी छत्री उघडली. मासे सावलीत जाऊन विसावले. तिसऱ्या दिवशी गहिनीनाथ म्हणाले, "काचंला एक जोरात थाप मारा, सर. आमी हाय ना." सरांनी हात उगारला. मासे त्या हाताकडे बघत जवळ आले. फिल्टरमागचा तोसुद्धा बाहेर आला. त्यांना त्या हातात फक्त खाणंच माहीत होतं.

सरांनी हात खाली घेतला. आपण हात उगारला याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी गहिनीनाथांकडे पाहिलंच नाही. ते पेटीला म्हणाले, "बसा," आणि चिमूटभर खाणं टाकलं. स्टेलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

आणि मग नोव्हेंबरचा दुसरा शनिवार आलाच. त्याला कोणी अडवलं नाही.

संध्याकाळी पाचला बाहेरच्या खोलीत सतरंज्या पडल्या, शेजारच्या चार घरांच्या खुर्च्या आल्या, पेटी आणि ढोलकी आली. इथे पेटी म्हणजे वाजवायची. मंडळी जमली. गहिनीनाथही पाहुणे म्हणून टोपी घालून आले आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसले. साळवे सर आले, त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि माशांच्या बरोब्बर समोरची खुर्ची घेतली. तिथून दिसणार नाही असं काही उरलं नाही.

"काय उजागरे, कुठे आहे रांग?"

"येईल," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गाणी झाली. ढोलकी दणकून वाजली. माशांवर काही परिणाम नाही. गल्लीत गणपतीला आणि लग्नाला जे काही वाजतं त्यापुढे ढोलकी म्हणजे काहीच नव्हतं. एक गप्पी तालात हलतो आहे असं गहिनीनाथांचं म्हणणं पडलं. साळवे सर अधूनमधून घड्याळाकडे आणि मग पाण्याकडे बघत होते. बायबलमधलं वचन वाचून झालं, संदेश झाला. मग चर्चचे पाळकसाहेब शेवटच्या प्रार्थनेला उभे राहिले. खोली गच्च भरली होती, म्हणून त्यांना उभं राहायला माशांच्या शेजारचीच वीतभर जागा मिळाली.

"आपण डोळे मिटू या," ते म्हणाले.

पाळकसाहेबांची प्रार्थना मंडळीत प्रसिद्ध आहे. ती कुठलंही गाव सोडत नाही. आधी आजारी माणसं, नावानिशी आणि आजारानिशी. मग परीक्षेची मुलं. मग शेवगाव, मग तालुका, मग नगर जिल्हा, धरणाच्या वरच्या अंगाचा पाऊस, राज्य, देश, सीमेवरचे जवान. तिथून ती पुन्हा हळूहळू खाली उतरते आणि ज्या घरी सभा असेल त्या घरात येते. तोवर गुडघ्यांना मुंग्या येतात, पण डोळे कोणी उघडत नाही. संडेस्कूलच्या पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. उजागरे सरांनी स्वतः वीस वर्षं ते मुलांना शिकवलं होतं, आणि मुलांनी त्यांचं ऐकलेली ती बहुधा एकच गोष्ट असावी.

प्रार्थना घरात शिरली. घरधन्याला आरोग्य मागून झालं, कृपासाठी चांगलं स्थळ मागून झालं. मग पाळकसाहेबांचा आवाज चढला. हे नेहमीचंच. "आणि ह्या घरावर टपून बसलेल्या सैताना!" ते गरजले आणि त्यांनी दोन्ही हात वर फेकले. "चालता हो! ह्या घरातून चालता हो!"

पांढऱ्या झग्याच्या दोन रुंद बाह्या दिव्याच्या आड आल्या आणि पाण्यावर काळोख पडला. हे सरांना मिटल्या डोळ्यांनाही जाणवलं. आपले मासे घाबरले असतील, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी डोळे उघडले.

बाराच्या बारा मासे रांगेत होते.

एकामागे एक, अंगावरची निळी रेघ पुढच्याच्या रेघेला जोडून, या काचेपासून त्या काचेपर्यंत. "चालता हो!" पाळकसाहेब पुन्हा गरजले, आणि सगळी रांग एका क्षणात वळली आणि परत निघाली. पाच सरकारी मासेसुद्धा बाजूला सरून गप्प उभे राहिले. कोणीतरी हे बघायला पाहिजे, म्हणून त्यांनी मान वळवली. तीस माणसं डोळे मिटून बसली होती. गहिनीनाथ तर पाहुणे असल्यामुळे सगळ्यांत घट्ट डोळे मिटून बसले होते.

एकट्या साळवे सरांचे डोळे उघडे दिसले. चांगले टक्क उघडे, चष्म्यामागे, आणि तोंडही थोडं उघडं. ते रांगेकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि मुख्याध्यापक आणि पी.टी.चे शिक्षक यांची नजरानजर झाली.

दोघांनीही एकदम डोळे मिटले.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. हात खाली आले, उजेड पडला. मंडळीने डोळे उघडून, चोळून, पाय मोकळे करेपर्यंत दोन मासे झाडात गेले होते, तीन दगडापाशी आणि एक फिल्टरच्या मागे.

"कोणाला काही साक्ष द्यायची आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं. सभेत ही रीतच आहे. देवाने आपल्यासाठी जे केलं, ते उभं राहून मंडळीला सांगायचं.

सरांनी साळवे सरांकडे पाहिलं. साळवे सर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता. सर अर्धे उठले. शब्द अगदी ओठांवर आले होते. मग त्यांच्या लक्षात आलं की जे पाहिलं ते सांगायचं, तर कधी पाहिलं तेही सांगावं लागेल.

"उजागरे सर, बोला," पाळकसाहेब म्हणाले.

"परमेश्वर चांगला आहे," सर म्हणाले आणि खाली बसले.

"आमेन," मंडळी म्हणाली.

चहा आला, चिवडा आला, केक आला. साळवे सरांनी चिवड्याची बशी हातात घेतली, माशांपुढे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मासे मात्र छान आहेत हो, उजागरे. रांगेचं काय, ती तुमच्या नशिबातच नाही." सगळे हसले. गहिनीनाथ म्हणाले, "मी मरळ देत हुतो, घेतली न्हाई त्यांनी." त्यावर आणखी हसले. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तुम्ही पाहिलंत, असं म्हणायचं म्हणजे मुख्याध्यापकाने प्रार्थनेत डोळे उघडले असं तीस माणसांत म्हणायचं, आणि लगेच कोणीतरी विचारणार, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी चिवड्याचा बकाणा भरला आणि तो बराच वेळ चावला.

साडेसातला घर रिकामं झालं. स्टेलाबाई मोरीत कप विसळत होत्या आणि सर कोरड्या फडक्याने पुसत होते. तिसरा कप पुसून झाला. मग सर म्हणाले, "उद्या पेटी काढतो. कोपरा तुझा. मशीन ठेव."

"साळवे सर खोटं बोलले," स्टेलाबाई म्हणाल्या.

सरांच्या हातातलं फडकं थांबलं. "काय खोटं?"

"रांग लागली होती. बाराची."

"तुला काय माहीत?"

"मी बघितली. स्वयंपाकघराच्या दारातून."

चौतीस वर्षांच्या संसारात, प्रार्थना चालू असताना ही बाई दूध उतू गेलं तरी हलली नव्हती. "डोळे उघडून?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग काय मिटून?" स्टेलाबाईंनी नळ बंद केला. "तुम्ही त्या दिवशी थाप मारायला हात उचलला आणि खाली घेतलात ना, तेव्हापासून रोज मागत होते मी देवाजवळ. ह्या माणसाला मारता येत नाही, घाबरवता येत नाही, आता तूच काय ते बघ आणि साळवे सरांसमोर एकदा तरी ह्यांची रांग लागू दे. एवढे दिवस मागितल्यावर, दिलं का नाही ते बघायला नको?"

सरांनी कोरडा झालेला कप पुन्हा पुसला.

"सरळ होती ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

स्टेलाबाईंनी खरं आठवून पाहिलं. त्या नर्स होत्या, रुग्णाचा ताप अर्ध्या डिग्रीनेही कमी सांगत नसत. "शेवटून तिसरा जरा बाहेर होता," त्या म्हणाल्या.

"तेवढं चालतं," सर म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कप घेतला.